विमानात आडवं होऊन जाता येतं का? बेळगाव ते दिल्ली, आईसाठी

टिळकवाडीची_लेक

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

आईचं वय ७२. चार महिन्यांपूर्वी कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून जोडलेत. आता ती घरात काठीविना फिरते, तुळशीला पाणी घालते, स्वतःचा चहा स्वतः करते. बसणं मात्र जमत नाही. पाऊण तास झाला की पाठ भरून येते आणि तिला आडवं व्हावंच लागतं.

भाऊ दिल्लीला असतो. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न आहे. ही नात पहिली सहा वर्षं आमच्याकडेच वाढली, दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या बालवाडीत आईच तिला हात धरून सोडायची. 'मला न्यायचं नसेल तर लग्नाचे फोटोसुद्धा दाखवू नका' असं आईनं सांगून टाकलंय.

भाऊ म्हणतो, बिझनेस क्लासचं तिकीट काढतो, त्यात सीट पलंगासारखी आडवी होते, आई झोपून येईल. मी नेटवर शोधलं तर कुठे सीट नुसती मागे कलते, कुठे पूर्ण सपाट होते, कुठे फोटो एक आणि खाली मजकूर दुसरा. देशातल्या देशात खरंच अशी सीट मिळते का? आणि बेळगावहून जाणाऱ्यानं ती गाठायची कशी? कुणी गेलं असेल तर सांगा. पैसे भाऊ भरणार आहे, पण चुकीच्या गोष्टीला जायला नकोत.

कॅम्पातला_कुंदा

आजीला दिल्लीला पोचवायचंच. कुंदा किती किलो न्यायचा ते सांगा, बाकी मंडळी बघतील.

सांबरा_रनवे

ताई, आधी सरळ उत्तर देतो. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, सुटणाऱ्या कुठल्याही विमानात पूर्ण आडवी होणारी सीट नाही. स्टार एअरचं एम्ब्राएर १४५ हे ५० सीटांचं. त्यांचंच एम्ब्राएर १७५ हे ७६ सीटांचं, त्यात १२ बिझनेसच्या, पण त्या रुंद आणि मागे कलणाऱ्या. इंडिगोचं एटीआर ७८ सीटांचं, त्यात बिझनेस नाहीच. म्हणजे सपाट सीट हवी तर आधी मुंबई किंवा बंगळूर गाठायला हवं.

आता मोठ्या शहरांचं. आपल्याकडे 'बिझनेस क्लास' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, मधे एकच वाट असलेल्या विमानातली. एअर इंडियाच्या ए३२०निओमध्ये पुढे ८ सीटा असतात, दोन-दोनच्या जोडीनं, दोन ओळींमध्ये ४० इंच अंतर. पाय ऐसपैस पसरतात, पाठ कलते, पण माणूस बसलेलाच राहतो. इंडिगोनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली–मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' आणलं, ते ए३२१ विमानात. त्यात १२ सीटा, अंतर ३८ इंच, पाठ ५ इंच मागे जाते. सुरुवातीचं भाडं १८,०१८ रुपयांपासून होतं. बसायला छान, पण पलंग नव्हे.

दुसरी वस्तू म्हणजे दोन वाटांच्या रुंद विमानातली. ही विमानं परदेशी फेऱ्यांसाठी घेतलेली, पण दिल्ली–मुंबई, दिल्ली–बंगळूर अशा फेऱ्याही करतात. बोइंग ७८७-८ मध्ये १८ सपाट सीटा, दोन-दोन-दोन अशा. ७७७-३००ईआर मध्ये बिझनेसच्या ३५. ए३५० मध्ये २८, प्रत्येकीला सरकतं दार. एअर इंडियाच्या ए३५० ची पहिली प्रवासी फेरी देशातलीच होती, २२ जानेवारी २०२४, मुंबई आणि बंगळूर दरम्यान. त्या दिवशीचे व्हिडिओ मी इतक्यांदा बघितलेत की बायको अजून बोलून दाखवते.

याला एकच अपवाद, तोही सांगतो. विस्तारा या विमान कंपनीची काही ए३२१ विमानं एकाच वाटेची असूनही १२ सपाट सीटांची होती. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा ती विमानंही तिकडे गेली.

ओळखायचं कसं? तिकीट काढताना विमानाचं नाव दिसतं ते वाचा. मग सीटांचा नकाशा उघडा. बिझनेसमध्ये दोन वाटा दिसल्या तर सपाट. एकच वाट आणि जेमतेम दोन ओळी असतील तर ती कलणारी.

पुण्यात_बेळगावकर

रनवेंनी चोख सांगितलंय. त्यात माझ्या अनुभवाची भर.

कामासाठी महिन्यातून दोनदा दिल्लीला जातो. गेल्या वर्षी मुंबईहून मुद्दाम मोठं विमान बघून सकाळचं तिकीट काढलं होतं, आदल्या रात्री जागरण होणार होतं म्हणून. दारापाशी पोचलो तर समोर लहान विमान उभं. काउंटरवर विचारलं तर म्हणाले, 'बिझनेस क्लासच आहे ना सर?' फेरी तीच, वेळ तीच, भाडं तेच, विमान मात्र बदललेलं. कंपनीचं नाव घेत नाही, हे कुठेही होतं. तिकिटावर विमानाचा प्रकार छापलेला असतो, पण कंपनी त्याची हमी देत नाही. ताई, आईंच्या बाबतीत हे आधीच धरून चाला. आयत्या वेळी कलणारी सीट वाट्याला आली तर काय करायचं, ते ठरवून मगच निघा.

निपाणीकर

माझं मत कडू वाटेल, पण लिहितो. आमच्या भागात विमान ही गोष्टच अजून भरवशाची नाही. आज आहे म्हणून लग्नाच्या याद्या कराव्यात आणि पुढच्या महिन्यात फेरी बंद व्हावी. २०१८ मध्ये हुबळीला उडान या सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेची विमानं आली आणि सांबरा ओस पडलं, विसरलात काय? उडानच्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावचं नाव आलं तेव्हा कुठे जीव आला. एक माणूस सपाट झोपणार म्हणून चौघांची जागा जाते. ती जागा आमच्या भागातल्या माणसाला साध्या सीटसाठी द्या. सामान्य माणूस अजून निपाणीहून मुंबईला रात्रभर बसमध्ये अंग आखडून जातोय.

ताईंच्या आईंबद्दल बोलत नाही मी. त्या गेल्याच पाहिजेत. पण या सीटेचं एवढं कौतुक मला पटत नाही.

उद्यमबाग_लेथ

निपाणीकर, चौघांच्या जागेचा हिशोब मांडून दाखवतो, कारण तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे.

इकॉनॉमीत ओळी २८ ते ३० इंचांवर असतात, एका ओळीत सहा माणसं. पलंग करायचा तर साडेसहा फूट लांबी लागते, म्हणजे ७८ इंच. तेवढ्या लांबीत इकॉनॉमीच्या अडीच ओळी मावतात. म्हणून सीट बनवणारे युक्ती करतात. पाय पुढच्या सीटच्या बगलेतल्या खोबणीत शिरतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर पलंगापेक्षा कमी ठेवता येतं. तरी एका ओळीत चारच माणसं, आणि अंतर इकॉनॉमीच्या दुप्पट. बाराजणांच्या जागेत चौघं. शिवाय मोटारी, गिअर, पाठ आणि पाय वेगवेगळे हलवणारे सांधे, हे सगळं वजन. विमानात वजन म्हणजे इंधन.

आणि वजन कमी करावं तर ताकदही सोडता येत नाही. विमानाच्या सीटेची १६ जी ची चाचणी असते. माणसाएवढा पुतळा बसवून, त्याच्या वजनाच्या सोळापट धक्का देऊन बघतात. सीट रुळातून उपटता कामा नये, पुतळ्याचं डोकं पुढे आपटता कामा नये. वर फोम आणि कापड लवकर पेट घेणार नाही याची वेगळी चाचणी. मी विमानाच्या सीटा करत नाही, पण बारीक मापाचं मशीनिंग बत्तीस वर्षं करतोय. हत्तरगीच्या एक्वस कंपनीत एअरबस आणि बोइंगसाठी भाग बनतात, आमच्या गल्लीतली तीन पोरं तिथे कामाला आहेत. बेळगावच्या ओतशाळांनी आणि लेथवाल्यांनी जे हात तयार केले ते आज तिथे चालतात. त्यामुळे या सीटेचं कौतुक मला आहे. बसणारा कोण हा भाग वेगळा, बनवणाऱ्याचं काम फार मोठं आहे.

दोन तासांच्या फेरीला कंपन्या असली सीट मुद्दाम बसवत नाहीत ते याच हिशोबामुळे. परदेशी जाणारं विमान मधल्या वेळेत दिल्ली–मुंबई मारतं, म्हणून ती आपल्याला मिळते.

चंदगडी

लेथदादा, हे वाचून हुरूप आला. माझा पोरगा आयटीआय करतोय, त्याला वाचून दाखवलं.

अथणी_एक्सप्रेस

एवढा खटाटोप कशाला? गोवा एक्स्प्रेस रोज आहे. बेळगावात बसा, मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ करत थेट हजरत निजामुद्दीनला उतरा. टू एसीतली खालची बर्थ काढा. सगळा वेळ आडवं. विमानात पलंग मिळाला तरी किती वेळ? धावपट्टीवर जाताना, उडताना आणि उतरताना सीट उभीच ठेवावी लागते. सव्वादोन तासांच्या फेरीत फार तर सव्वा तास झोप. त्यासाठी एवढे पैसे? वर २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय. इकॉनॉमीला ५ च आहे.

टिळकवाडीची_लेक

अथणीदादा, रेल्वेचा विचार आम्हीही केला. अडचण झोपण्याची नाही, बाकीच्याची आहे. दीड दिवसात सात-आठ वेळा तरी हलत्या गाडीत संडासपर्यंत जायचं. ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात ती न्हाणीघरात घसरली होती. नशिबानं काही झालं नाही, पण तेव्हापासून हलत्या जमिनीची तिला धास्ती आहे.

पुण्याचे दादा, विमान बदलतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. भावाला लगेच फोन केला.

खानापूरची_अक्का

बाळ, मी गेलो होतो गेल्या साली धाकट्या लेकाकडं गुरगावला. माझी पण पाठ अशीच. मी आपली साध्या सीटवर गेलो. बेळगावहून थेट दिल्लीचं इंडिगो मिळालं होतं. अडीच तास. दर अर्ध्या तासानं उठून मधल्या वाटेत उभी राहायची. हवाई सुंदरी पोरगी फार गुणी, पाणी आणून द्यायची, 'आजी, टेकून उभं राहा' म्हणायची. पाठीमागं मी माझी वाकळ घेतली होती, जुन्या इरकलीची, गुंडाळी करून. तिनं जे केलं ते सीटनं केलं नाही बघ.

तुझ्या आईला सांग, भ्यायचं नाही. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी हाय.

पुण्यात_बेळगावकर

अक्कांचं 'मी गेलो' वाचलं आणि ऑफिसात बसल्या बसल्या घरी गेल्यासारखं झालं. पुण्यात माझी आई असं बोलली की लोक तिला दुरुस्त करायला जातात. ती दुरुस्त होत नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

चंदगडी

आमच्याकडं बी सगळ्या बायका आलो-गेलोच म्हणतात. तिलारीपास्नं खानापूरपतोर एकच बोली हाय. रेघ नकाशावर ओढली, जिभेवर न्हाई.

सांबरा_रनवे

अक्का म्हणतात ती थेट दिल्ली ५ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी मी सांबऱ्याच्या कुंपणाबाहेर उभा होतो. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं युद्धासाठी बांधलेली धावपट्टी, तिथून सरळ दिल्ली! वेळापत्रक मात्र हंगामागणिक बदलतं, म्हणून आपल्या तारखेला फेरी आहे का ते बघूनच ठरवा.

मारुती_गल्ली

विषय निघालाच आहे तर बोलतो. विमान बेळगावचं, निम्मे प्रवासी मराठी, आणि सूचना मात्र मराठीत ऐकू येत नाहीत. सांबऱ्याच्या पाट्यांवरही आपली भाषा नाही. पट्टा कसा लावायचा हे म्हाताऱ्या माणसाला कळलं पाहिजे की नको?

निपाणीकर

मारुती गल्ली, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरातला आहे मी. पण त्याला वेगळा धागा आहे, तिथे या, भरपूर बोलू. इथे आधी आजींचं तिकीट काढूया.

फिजिओ_हिंदवाडी

उशिरा आले, माफ करा. मणक्याच्या रुग्णांबरोबर रोजचं काम आहे, म्हणून थोडं लांबवते.

ताई, सर्वात आधी तुमच्या सर्जनना हा एक प्रश्न विचारा: 'पाऊण तासानंतर आडवंच व्हायला हवं, की बसण्याची स्थिती बदलली तरी चालेल?' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मणके जोडल्यावर पुष्कळ जणांना एकाच जागी बसून राहण्याचा त्रास होतो. ते उठले, चार पावलं चालले की पाठ मोकळी होते. तसं असेल तर अक्कांनी केलं तेच योग्य. काहींना मात्र पाठीवरचा भार पूर्ण उतरवावा लागतो, त्यांना सपाट सीट खरोखर उपयोगी. आई कोणत्या गटात आहेत हे सर्जन सांगतील, आपण इथे ठरवू नये.

आता सपाट सीट घेतलीत तर लक्षात ठेवायची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. झोपणं सोपं, उठणं अवघड. ऑपरेशननंतर आम्ही शिकवतो तसं आईंना उठावं लागेल. सरळ उठून बसायचं नाही. अख्खं अंग ओंडक्यासारखं एका कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, हातानं रेटा देऊन बसायचं. घरच्या पलंगावर हे दोन्ही बाजूंनी जमतं. विमानातल्या पलंगाला एका बाजूला भिंत असते, उंच कडा असते आणि पाय त्या अरुंद खोबणीत अडकलेले असतात. म्हणून दार लावायच्या सुंदर खोलीपेक्षा जुन्या धाटणीची जोडसीट तुम्हाला बरी. आई वाटेकडे, तुम्ही शेजारी. त्या ज्या कुशीवरून उठतात ती कूस वाटेकडे येईल अशी बाजू निवडा. रनवेदादा, १८ सीटांचं विमान म्हणालात, त्यात अशा जोड्या आहेत ना?

आणखी थोडं. प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र घ्या आणि विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज आधी विचारा. डिस्चार्ज कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, तपासणीच्या यंत्रात सळ्या वाजल्या तर दाखवता येईल. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा आणि जिना चढता येतो की नाही ते स्पष्ट सांगा, त्यावर व्हीलचेअरचा प्रकार ठरतो. झोपून असल्या तरी पावलं वर-खाली हलवत राहायला सांगा, पायात रक्त साकळू नये म्हणून. कमरेचा पट्टा डॉक्टर म्हणतील तेवढाच वेळ बांधा.

सांबरा_रनवे

हो, बोइंग ७८७-८ मध्ये दोन-दोन-दोन. खिडकीकडच्या जोडीत वाटेची सीट आईंना, खिडकीची ताईंना. नाहीतर मधली जोडी, तिथे दोघींनाही वाट मिळते. मात्र या विमानांच्या सीटा बदलायचं काम हाती घेतलंय, म्हणून तिकिटाच्या वेळी नकाशा पुन्हा बघा. बत्तीस वेळा व्हिडिओ बघून मला हे उठण्याचं सुचलं नसतं. फिजिओताई, धन्यवाद.

उद्यमबाग_लेथ

मलाही नाही. आम्ही सांधा किती अंश फिरतो ते मोजतो. त्यावरून माणूस उठणार कसा, हे मोजायला असाच माणूस लागतो.

अथणी_एक्सप्रेस

पटलं. रेल्वेचा आग्रह मागे घेतो. फक्त एक, मुंबईत विमान बदलणार असाल तर दोन्ही विमानं एकाच टर्मिनलला आहेत का बघा. पहिलं आणि दुसरं टर्मिनल यांच्यात रस्त्यानं जावं लागतं, आणि मुंबईचा रस्ता म्हणजे पुन्हा बसणं आलं.

खानापूरची_अक्का

मुंबईत कोण नात्यातलं असलं तर एक रात्र राहा बाळ. घाई करून आईला दमवू नको. माझी वाकळ पाठवून देतो. लेकाचा मेव्हणा रोज बेळगावला येतो कामाला.

टिळकवाडीची_लेक

अक्का, काय बोलू. पाठवा.

सर्जनना विचारून आले. त्यांनी सांगितलं, अर्ध्या-पाऊण तासानं उठून चालल्या तर तास-दीड तासाचा प्रवास बसून चालेल, त्याहून लांबचा असेल तर मधे आडवं व्हायला मिळालेलं बरं. म्हणजे आई दोन्ही गटांच्या मधे निघाली.

ठरलं ते असं. सांबऱ्याहून मुंबई, साधारण तासाभराचं. दादरला मामाकडे दोन रात्री. मग मुंबई–दिल्ली ७८७, मधली जोडसीट. विमान बदललंच तर कलणारी सीट, अक्कांची वाकळ आणि दर अर्ध्या तासानं उभं राहणं. आईला सगळा बेत वाचून दाखवला. ती म्हणाली, 'एवढी माणसं माझ्या पाठीचा विचार करतायत?'

कॅम्पातला_कुंदा

दोन किलो कुंदा माझ्याकडून. नवरीला. डबा हातातल्या पिशवीत.

निपाणीकर

आजींना नमस्कार सांगा. मी लिहिलेलं जागेचं गणित आजींना लागू नाही. ज्याला पाठ टेकवायची गरज आहे त्याला ती जागा मिळावी. माझं भांडण आहे ते बेळगावला रोजची विमानं कमी असण्याशी, ते मी चालू ठेवणार.

मारुती_गल्ली

ताई, परत आल्यावर नक्की लिहा. इथे बऱ्याच घरांत अशा आया आहेत.

टिळकवाडीची_लेक

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. लग्न झालं, आम्ही कालच परतलो. क्रमानं सांगते.

आईला पहिला त्रास आकाशात झालाच नाही. तो झाला घरापासून सांबऱ्यापर्यंत, बागलकोट रस्त्यावरच्या खड्ड्यांत. गाडीतच तिचा चेहरा उतरला. वाटलं, इथूनच परत फिरावं. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा मुलगा कानडी होता. विमानाच्या जिन्यापाशी त्यानं आईला हात दिला आणि प्रत्येक पायरीला म्हणाला, 'अव्वा, निधान. निधान, अव्वा.' म्हणजे आई, सावकाश. आईनं वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला कानडी समजतं, बोलता फारसं येत नाही. त्याला मराठी समजत होतं.

मुंबईपर्यंत ती एकदा उठून उभी राहिली, ठीक गेलं. दादरला दोन रात्री पूर्ण विश्रांती.

दिल्लीचं विमान बदललं नाही. दारातून आत शिरल्यावर दोन वाटा दिसल्या तेव्हा मला रडूच आलं. पट्ट्याचा दिवा विझल्यावर सीट सपाट केली. आईनं आधी हातानं चाचपून बघितली, बाजेची सुंभ बघतात तशी. मऊ होती, तिला जरा जास्तच मऊ. मग कमरेखाली अक्कांची वाकळ घातली आणि ती कुशीवर झाली. बरोबर एक तास दहा मिनिटं. झोपली मात्र त्यातली वीसच मिनिटं, बाकी वेळ छताकडे बघत होती. उतरायच्या आधी उठवायचं होतं तेव्हा फिजिओताईंचं ऐकलेलं कामाला आलं. मी वाटेत उभी, ती माझ्याकडे वळली, पाय खाली, हाताचा रेटा. हवाई सुंदरी मदतीला आली होती, तिला काही करावंच लागलं नाही. दोन दिवस मामाकडच्या दिवाणावर आम्ही याचाच सराव केला होता.

अथणीदादांचा हिशोब बरोबर निघाला, सव्वा तासही मिळाला नाही. पण विमानतळाबाहेर ती स्वतःच्या पायांनी चालत आली आणि नात समोर धावत आली तेव्हा उभ्यानं तिला जवळ घेतलं. भावाला विचारलं, पैसे वसूल झाले का? तो काही बोलला नाही, नुसता डोळे पुसत होता.

परतीला मुंबईपर्यंत कलणारी सीटच घेतली. आई म्हणाली, आता जमेल. दर अर्ध्या तासानं उठली, जमलं. पुढे सांबऱ्यापर्यंत जातानासारखंच. तेव्हा ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना फिजिओताईंचा तो पहिला प्रश्न आधी विचारा, तिकीट नंतर.

कुंदा दिल्लीत पहिल्या रात्रीच संपला.

फिजिओ_हिंदवाडी

दिवाणावरचा सराव! हे मी आता माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगणार. आईंना पुढच्या आठवड्यात एकदा घेऊन या, उठण्याची पद्धत मला बघायची आहे.

सांबरा_रनवे

धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. आईंना विचारून सांगाल का, छताकडे बघत काय म्हणत होत्या?

टिळकवाडीची_लेक

रनवेदादा, विचारलं. म्हणाली, 'छतावरचे दिवे निळे होते. तुझ्या बाबांनी कधी विमान बघितलं नाही, त्यांना सांगत होते.'

अक्का, वाकळ धुऊन वाळत घातलीय. रविवारी आईला घेऊन खानापूरला येतो. जेवायलाच येतो.